ओट्याखालची पट्टी

पट्टी ओढली तशी अर्धी माझ्या हातात आली आणि अर्धी तिथेच राहिली. प्लाय इतका कुजला होता की बोटानं त्याचा चुरा होत होता. आतल्या अंगाला काळी बुरशी चढली होती आणि वास असा सुटला की मी नाकाला पदर लावला.

"वहिनी, तुम्ही मागं सरा. मी काढतो," दस्तगीर मिस्त्री म्हणाला.

"बघा भाऊ, बघा तुमचं काम. ट्रॉल्या बसवताना म्हणाला होता, नातवंडं वापरतील."

"ट्रॉल्या ठणठणीत आहेत की. ही खालची पट्टी गेलीय. हिला पाणी लागलंय."

ओट्याखालच्या ट्रॉल्या जमिनीपासून वीतभर उंच बसवतात आणि खालची पोकळी दिसू नये म्हणून पुढून एक आडवी पट्टी लावतात. घरात त्या पट्टीकडे कुणी ढुंकून बघत नाही. फरशी पुसताना तिला फडकं लागतं, तेवढाच काय तो संबंध. मीही कधी बघितलं नसतं. पण पुण्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला घरी पाठवताना चांगलं बजावलं होतं.

माझ्या ऋतुजाला तिच्या बापाची किडनी बसवली होती. दहावीतली पोर. ऑपरेशन झालं, दोघंही शुद्धीवर आली, माझा भाऊ विलास त्यांच्याजवळ थांबला आणि मला इचलकरंजीला पाठवलं, घर तयार करायला. "तिची प्रतिकारशक्ती आम्ही औषधं देऊन मुद्दाम कमी केलीय," सिस्टर म्हणाल्या होत्या. "नाहीतर शरीर दुसऱ्याची किडनी ठेवून घेत नाही. म्हणून घरात ओल नको, बुरशी नको, झुरळं नकोत, मुंग्या नकोत. सुतारकाम, रंगकाम, जे काय असेल ते ती यायच्या आधी उरका. मागे एका मुलाची किडनी छान चालली होती. घरी गेला आणि बुरशी छातीत गेली."

तेवढं ऐकून मी जी घरी आले ती वेड्यासारखी घराला लागले. माळे रिकामे केले, गाद्या उन्हात टाकल्या, भिंती पुसल्या, पडदे जाळून टाकले म्हटलं तरी चालेल. आणि शेवटी वास कुठून येतो ते शोधत या पट्टीपाशी आले.

दस्तगीरभाऊंनी पालथं पडून बॅटरी मारली. "पाईप कोरडा. सिंकचा जोड कोरडा. आणि सिंक तर त्या टोकाला. कुजलंय मात्र हा कोपरा. इथं पाणी येतंय कुठनं?"

"मला विचारताय? मिस्त्री तुम्ही की मी?"

"भिंतीतनं येत असंल," ते पुटपुटले, पण त्यांचं स्वतःचंच समाधान झालेलं दिसत नव्हतं.

माझ्या सासूबाई दाराशी बसून लसूण सोलत होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. एरवी मिस्त्री घरात आला की त्यांचं तोंड बंद नसायचं, हे असंच का आणि ते तसंच का. त्या दिवशी त्या लसणातून डोकं वर काढत नव्हत्या. मुलगा आणि नात दोघंही एकदम दवाखान्यात, म्हातारीचं काळीज कुठं थाऱ्यावर असणार, असं मी समजून घेतलं.

दस्तगीरभाऊंनी सगळी जुनी पट्टी काढली. मी आत हात घालून ब्लीचच्या पाण्यानं घासघासून फरशी धुतली, पंखा लावून कोपरा कोरडा केला. नवी पट्टी त्यांनी पाण्याला दाद न देणाऱ्या प्लायची कापली. मी म्हटलं, "कडा उघड्या ठेवू नका. पाणी तिथूनच पितंय ते." ते हसले. खालच्या कडेला वॉर्निशचे हात दिले, वाळवले, पुन्हा दिले. मग पट्टी जागेवर बसवून वर-खाली कागदी टेप लावला, गनमधून सिलिकॉनची रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती रेघ एका दमात गुळगुळीत केली आणि रेघ ओली असतानाच टेप सोडवला. जमीन आणि पट्टी यांच्यात सुईसुद्धा जाणार नाही, असं काम झालं.

"उद्यापर्यंत पाणी लावू नका," ते म्हणाले. "आणि हात तर अजिबात नको."

मला त्या रात्री पहिल्यांदा जरा झोप लागली. सगळं जग माझ्या हाताबाहेर गेलं होतं, पण ही वीतभर फट तरी मी बुजवली होती.

सकाळी नळाचं पाणी भरून आत आले तर कोपऱ्यातून मुंग्यांची रांग चालली होती. वाकून बघितलं. कोपऱ्यातलं हातभर सिलिकॉन सुटलं होतं आणि पट्टी पुढे आली होती.

मी तशीच फोनला चिकटले. "दस्तगीरभाऊ, कसलं भेसळीचं सिलिकॉन वापरता हो? एक रात्र टिकलं नाही. माझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्ही मला शेंड्या लावताय?" आणखी पुष्कळ बोलले. माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. तो बिचारा भला माणूस, दुसऱ्यांची कामं टाकून आला. बघून म्हणाला, "घूस असंल वहिनी. खालनं ढकललंय." त्यांनी कोपऱ्यात पुन्हा सिलिकॉन भरलं, मी बाजारातून पिंजरा आणला, त्यात भजी लावली. आत्याबाई म्हणाल्या, "मुक्या जनावराला कशाला गं कोंडतीस?" मी त्यांच्यावरही खेकसले.

घूस काही सापडली नाही. सकाळी पिंजऱ्यातली भजी तशीच होती आणि पट्टी पुन्हा सुटलेली होती. मुंग्या होत्या, आणि या खेपेला पट्टीच्या आतून पाण्याचा ओघळ बाहेर आला होता.

आणि तेवढ्यात विलासचा फोन. "ताई, डॉक्टर उद्या सोडतायत. खाटा पाहिजेत त्यांना. पहाटेच गाडी करून निघतो, दुपारपर्यंत पोचू."

"उद्या? अरे, पुढच्या आठवड्यात म्हणाले होते ना?"

"रिपोर्ट चांगले आलेत गं. खूश व्हायचं सोडून रडतीस काय?"

मी रडत होते, कारण माझ्या हातात पाण्याचं फडकं होतं आणि मला कळत नव्हतं की पाणी येतंय कुठून. दिवसभर मी त्या कोपऱ्यासमोर बसून होते. एक थेंब आला नाही. संध्याकाळी मिस्त्री येऊन तिसऱ्यांदा भरून गेला. जाताना म्हणाला, "सकाळी पुन्हा चक्कर टाकतो. गन राहू दे इथंच." त्याच्या आवाजातला भरवसाही गेला होता.

सकाळी नळ आला तशी मी कळशी घेऊन गेले. कळशी दाराबाहेर टेकवली आणि आवाज न करता परत आले. घूस असली तर मला ती डोळ्यांनी बघायची होती.

स्वयंपाकघरात आत्याबाई फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. पट्टी कोपऱ्यात सोडवलेली. शेजारी भाजी चिरायची सुरी, वाटीत दहीभात, तांब्यात पाणी. त्यांचा हात खांद्यापर्यंत ट्रॉलीखाली गेला होता, गाल जमिनीला टेकला होता आणि त्या हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होत्या. "घे बाबा. एवढं घे. आज रागावू नगंस."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. वयाचा विचार केला नाही की नात्याचा.

"तुम्ही? रोज तुम्ही हे उघडत होता?"

त्या उठून बसल्या. हाताला भात लागलेला, कोपराला सिलिकॉन. "वास्तूला घास दावते," त्या म्हणाल्या. "कोंडून घालू नगंस गं त्याला. उपाशी ऱ्हाईल."

तेव्हा मला आठवलं. हे घर बांधलं तेव्हा वास्तुशांत केली होती. भटजींनी सोन्याची इवलीशी प्रतिमा डबीत पालथी ठेवून या कोपऱ्यात पुरली होती, घराची आग्नेय दिशा ती. पुनवेला दहीभाताचा नैवेद्य दाखवा, वास्तू उपाशी ठेवू नका, असं सांगितलं होतं. पुढे त्या कोपऱ्यावर ओटा आला, ट्रॉल्या आल्या, आणि मी तर ते पार विसरून गेले होते. जुनी पट्टी नुसती अडकवलेली होती, ओढली की निघायची. म्हातारी ती काढून आत घास ठेवत होती, भोवती पाणी फिरवत होती, आणि पट्टी लावून टाकत होती. तेच पाणी, तोच भात. त्याचीच ती बुरशी.

"पुनवेला घालायचा सांगितलं होतं ना," मी ओरडले, "रोज? रोज कशाला? अहो, ती बुरशी ऋतूच्या छातीत जाईल. ती मरेल आत्याबाई. कळतंय का तुम्हाला? तुमच्या भातानं मरेल ती."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "असं बोलू नगंस. ह्या कोपऱ्यात तर असं बोलू नगंसच."

दस्तगीरभाऊ दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या खांद्यावरची पिशवी मी हिसकावल्यासारखी घेतली आणि तिच्यातली छिन्नी काढली. "ठीक आहे. तुम्हाला घास घालायचाय ना? मी त्याला काढते. देव्हाऱ्यात ठेवते. तिथं घाला सकाळ-संध्याकाळ. पण इथं आज पट्टी बसणार आणि पुन्हा उघडणार नाही."

मी पालथी पडले, हात आत घातला. कोपऱ्यातली फरशी बोटांना लागली. ती हलत होती. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्या म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"खोदू नगंस."

"का?"

"काय न्हाई तिथं."

"काय नाही म्हणजे?"

त्यांनी दाराकडे बघितलं. दस्तगीरभाऊ म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो." आणि पिशवी तिथेच सोडून निघून गेले.

"मीच काढलं," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी दोघं तपासणीला पुण्याला गेला तवा. उलथन्यानं फरशी उचलली. तुमची जमवाजमव चालली होती, ऑपरेशन अडलं होतं. तू तुझं डोरलं काढलंस. माझ्यापाशी काय होतं सांग? ही प्रतिमा माझ्याच बोरमाळंतले मणी आटवून केली होती. सराफाच्या हातात दिली, आनि जे आलं ते संपाला दिलं. माझ्या आईचं जुनं सोनं हाय म्हनलं."

संपा म्हणजे माझा नवरा, संपत. मला तो दिवस आठवला. हे किती वेळ आईच्या पाया पडले होते. मीही पडले होते.

"मग रोज घास कुणाला घालत होता? रिकाम्या भोकाला?"

"रिकामं कसं गं?" त्या म्हणाल्या. "ज्याचं काढून घेतलं त्याची भूक कुठं जाती?"

मी फरशीवर बसून राहिले. त्या बोलत होत्या, आणि मला त्यांनी थांबावं असं वाटत होतं.

"मी सोनं काढलं आनि आठवड्यात निरोप आला, बापाची किडनी जुळली. तुझी जुळली न्हवती. माझी तर म्हातारीची म्हनून बघितलीसुदीक न्हाई. माझ्या लेकाचीच जुळली. मी तवाच समजले. ह्यानं वसूल केलं. मी त्याला घराखालनं काढला, त्यानं माझा ल्योक घरातनं काढून टेबलावर निजवला. आनि पोरगी हायच टेबलावर. दोघं एकदम गेली तर मी काय करू? म्हनून रोज त्या सैल फरशीखाली घास सारते, त्याच्या पाया पडते. म्हनते, रोज खायला घालीन, चुकनार न्हाई, ह्या दोघांना माघारी दे. एक दिस न्हाई चुकले. आज शेवटचा दिस हाय शैला. त्यास्नी घरात येऊ दे, मग बंद कर. आज चुकलं तर गाडी रस्त्यावर हाय."

गाडी रस्त्यावर होती. पाच-सहा तासांचा रस्ता, आणि त्या गाडीत माझं सगळं होतं. मी देवभोळी नाही, पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात आलंच. म्हातारी म्हणते ते खरं असलं तर? आणि सिस्टर म्हणाल्या ते तर खरंच होतं. एका बाजूला रिकामा खड्डा आणि एका बाजूला काळी बुरशी. एकीला उघडं पाहिजे होतं, एकीला बंद. दोघींनाही पोर जिवंत पाहिजे होती. मला त्यांचा राग यायचा होता आणि तो येत नव्हता, त्याचाच मला राग येत होता.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आजचा घास झाला ना ठेवून?"

"व्हय. तू ओढलंस तवा ठेवून झाला होता."

"मग आजचं चुकलेलं नाही."

"नि तो भात आतच?"

"तो मी काढणार. जागा पुसणार आणि पट्टी बंद करणार. सिलिकॉन सुकायला वेळ लागतो, ती यायच्या आत सुकलं पाहिजे. आणि हे एकटीनं होत नाही. कुणीतरी पट्टी दाबून धरायला लागते."

मला वाटलं, आता त्या नाही म्हणतील, आणि मग मी काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. म्हातारीला ढकलून देणार होते की तिच्या शेजारी बसून रडणार होते, कोण जाणे.

"भात मी काढते," त्या म्हणाल्या. "तू नगंस हात लावू."

त्यांनी तो घास ओंजळीत घेऊन परसापलीकडच्या शेजाऱ्यांच्या गाईच्या गव्हाणीत नेऊन ठेवला. मी फरशीखालचा खड्डा आणि आतली जागा ब्लीचनं पुसली, पंखा लावला, हात फिरवून पुन्हा पुन्हा बघितलं. जुनं सिलिकॉन सुरीनं खरवडून काढलं, कागदी टेप लावला. आत्याबाई आल्या, जमिनीवर बसल्या आणि दोन्ही तळवे पट्टीला टेकवून त्यांनी ती भिंतीकडे दाबली. मी गन धरली. दस्तगीरभाऊंसारखी सरळ रेघ मला कुठली जमायला. कुठे जाड, कुठे वाकडी. साबणाचं बोट फिरवलं तर आणखी फिसकटली. पण फट म्हणून राहिली नाही. आत्याबाईंचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच मला.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडा वेळ."

त्या तशाच दाबून बसल्या. दस्तगीरभाऊ चहा पिऊन आले, दारातूनच पट्टी बघितली. काम वाकडं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "पोरगी आली की सांगा."

पुढचे तास कसे काढले ते आम्हा दोघींनाच माहीत. विलासचा फोन लागेना. आत्याबाई दारात बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, कारण त्यांच्या मनात काय चाललंय ते माझ्याही मनात चाललं होतं. फोन लागला नाही तो घाटात रेंज नव्हती म्हणून, हे मागाहून कळलं. पण तेवढ्यात मी शंभर वेळा ती पट्टी उघडून टाकायला उठले आणि बसले. खरंच सांगते, सुरी हातात घेतली होती.

"बस खाली," आत्याबाई म्हणाल्या. "आता उघडायचं न्हाई. झालं ते झालं."

आणि मग बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

आधी हे उतरले, कुशीवर हात दाबून, वाकून. मग विलासनं ऋतूला उतरवलं. तोंडाला मास्क, अंगावर शाल, नुसते डोळे दिसत होते. आत्याबाई पुढे धावल्या नाहीत. मुलाकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. जाऊन बघते तर कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होत्या.

"दही चालतं का तिला?" त्यांनी विचारलं.

"नाही. ताजा, गरम भात फक्त. मीठ नको म्हटलंय."

"तो मी करते."

आमच्यासाठी मी भाकऱ्या आणि भाजी करून ठेवली होती. ऋतूचा भात आत्याबाईंनी छोट्या भांड्यात वेगळा शिजवला, तुपाचं बोट सोडून मऊसूत कालवला आणि वाटी घेऊन तिच्या खाटेपाशी आल्या. ऋतूनं मास्क खाली घेतला. आजार सुरू झाल्यापासून पोरीला अन्नाचा वाससुद्धा सोसत नव्हता. ताट दिसलं की तोंड फिरवायची, मारून मुटकून दोन शितं पोटात गेली तरी ओकायची. तिनं मास्क काढला तो आजीचं मन राखायला, हे मला दिसत होतं.

"आ कर," आत्याबाई म्हणाल्या.

ऋतूनं घास घेतला. हळूहळू चावला आणि गिळला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

"आजी, अजून दे."

"काय म्हनलीस?"

"अजून दे की. भूक लागलीय."

आत्याबाईंनी वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वाटी रिकामी होती. इतक्या दिवसांच्या सवयीनं त्यांनी एका घासापुरताच भात शिजवला होता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला.